अंतराळातली कंत्राटे आणि जमिनीवरची देखरेख

१२ जानेवारी २०२६ रोजी श्रीहरिकोटाहून निघालेला पीएसएलव्ही-सी६२ हा प्रक्षेपक तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीस भरकटला आणि त्याच्यावरचे उपग्रह कक्षेत पोहोचलेच नाहीत. आठ महिन्यांपूर्वी, १८ मे २०२५ रोजी, सी६१चेही तिसऱ्याच टप्प्यात बिनसले होते. दोन्ही वेळा जो वाद झाला तो आपल्याकडे नेहमी होतो तसाच झाला. एका बाजूने विचारले गेले की, शाळांना छप्पर नसलेल्या देशाला ही चैन परवडते का. दुसऱ्या बाजूने उत्तर आले की, प्रयत्न करणाऱ्यालाच अपयश येते, शास्त्रज्ञांचे मनोधैर्य खच्ची करू नका, आणि आम्ही मंगळावर ४५० कोटींत गेलो हे विसरू नका. पहिला पक्ष फक्त किमतीविषयी बोलतो आणि दुसराही, थोडा अभिमान मिसळून, किमतीविषयीच बोलतो. पैसे ज्या करारांतून खर्च होतात त्यांत काय लिहिले आहे, तयार झालेला भाग सरकारच्या वतीने कोण तपासतो आणि बिघाड झाल्यावर त्याचे कारण कोणाला कळते, हे प्रश्न या गदारोळात कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट करतो. अंतराळ संशोधनावर सरकारने कंत्राटांद्वारे खर्च करावा, तो सार्थकी लागतो असा इतिहासाचा दाखला आहे. मात्र तो सार्थकी लागला की नाही हे त्याच्या आकड्यावरून ठरत नाही. पैसे देणाऱ्या सरकारकडे विकत घेतलेली वस्तू कळणारी माणसे आहेत का आणि त्यांना जे कळले ते उघडपणे मांडले जाते का, यावर ते ठरते. देखरेख हा संशोधनाच्या खर्चावर चढवलेला अधिभार नाही. आपण जे विकत घेतो त्याचाच तो एक भाग आहे.

हा प्रश्न आजच महत्त्वाचा का झाला? पूर्वी इस्रो रचना, जुळणी आणि चाचण्या स्वतः करत असे, आणि उद्योगांकडे सुटे भाग सोपवले जात. वालचंदनगरच्या कारखान्यात मोटरची आवरणे झाली, विक्रोळीत गोदरेजकडे विकास इंजिने झाली, पण संपूर्ण प्रक्षेपकाची जबाबदारी इस्रोचीच राहिली. आता चित्र बदलते आहे. २०२२ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या संघाला पाच पीएसएलव्ही संपूर्ण बांधून देण्याचे सुमारे ८६० कोटींचे काम मिळाले. २०२५ साली लहान उपग्रहांसाठीच्या एसएसएलव्ही प्रक्षेपकाचे तंत्रज्ञान हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ५११ कोटींची बोली लावून मिळवले. गगनयानाला २०१८ साली ९,०२३ कोटी मंजूर झाले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये, अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागासह आणि वाढीव उड्डाणांसह, तो आकडा २०,१९३ कोटींवर गेला. इस्रो हळूहळू निर्मात्याकडून ग्राहकाकडे सरकते आहे, आणि ग्राहक होण्याला निर्माता होण्यापेक्षा वेगळे कौशल्य लागते.

खर्चाच्या समर्थकांनी स्वतःचीच बाजू किती कमकुवत केली आहे तेही पाहिले पाहिजे. टेफ्लॉन आणि वेल्क्रो अंतराळ मोहिमांमुळे मिळाले असे अजूनही भाषणांतून सांगितले जाते. टेफ्लॉन १९३८ साली एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडले आणि वेल्क्रो एका स्विस अभियंत्याचे, तेव्हा नासाचा जन्मही झाला नव्हता. खरे उदाहरण याहून फार मोठे आहे. ऑगस्ट १९६१ मध्ये अपोलो कार्यक्रमाचे पहिले मोठे कंत्राट विमान कंपनीला नव्हे, तर एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीला मिळाले, यानाच्या दिशादर्शनासाठी. तिथल्या अभियंत्यांनी त्या संगणकासाठी तेव्हा नवख्या आणि महाग असलेल्या इंटिग्रेटेड सर्किट चिप निवडल्या. १९६३ साली अमेरिकेत तयार होणाऱ्या अशा चिपपैकी सुमारे ६० टक्के या एकाच कामासाठी जात होत्या. सरकार हा मोठा, चोखंदळ आणि प्रत्येक चिप तपासून घेणारा गिऱ्हाईक होता. त्याच्या मागणीमुळे उत्पादन वाढले, दर्जा सुधारला आणि किंमत कोसळली. यात ‘चोखंदळ’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नये, कारण नुसती मोठी मागणी कोणीही नोंदवू शकतो.

आपल्याकडचा दाखला त्याहून कमी खर्चाचा आहे. १९७४ साली इस्रोने फ्रान्सच्या एसईपी कंपनीशी करार केला. व्हायकिंग इंजिनाचे तंत्रज्ञान रोख पैशांनी विकत न घेता, भारतीय अभियंत्यांनी फ्रान्समध्ये जाऊन काम करायचे आणि त्या श्रमांच्या बदल्यात ते शिकून यायचे, असे ठरले. त्यातून विकास इंजिन उभे राहिले, जे पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात आजही जळते. कराराचे खरे मोल कशात असते ते इथे दिसते: काम संपल्यावर ज्ञान कोणाच्या घरात राहिले? आजच्या कंत्राटांविषयी आपण हा प्रश्न विचारतो का? स्वस्त किती पडले एवढेच विचारतो. मंगळयान स्वस्त पडले हे खरेच, पण त्यावरची वैज्ञानिक उपकरणे पाच होती आणि त्यांचे एकत्रित वजन सुमारे १५ किलो होते. ती मोहीम तंत्रज्ञान सिद्ध करण्यासाठी होती आणि तो हेतू तिने उत्तम साधला. तिच्या किमतीची तुलना कितीतरी अधिक वजनाची उपकरणे नेणाऱ्या यानाशी करून टाळ्या मिळवणे हा मात्र हिशेब नव्हे.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे, आणि ते हलके नाही. देखरेखीच्या नावाखाली संशोधनाचा गळा घोटला जातो, असे वैज्ञानिक म्हणतात तेव्हा त्यामागे अनुभव असतो. नंबी नारायणन यांना १९९४ साली हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली अटक झाली, आणि ती अटक अनावश्यक होती हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणेपर्यंत २०१८ साल उजाडले. द्रवरूप इंधनाच्या इंजिनांवर काम करणारा एक कसलेला अभियंता संशयाच्या भोवऱ्यात गेला, याचे पडसाद प्रयोगशाळांत किती काळ उमटले असतील? त्याहून रोजचा जाच खरेदीच्या नियमांचा. सर्वांत कमी बोलीवाल्यालाच काम द्यायचे, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप येणार, या धास्तीने चांगले उपकरण सोडून स्वस्त उपकरण घेतल्याच्या कहाण्या कोणत्याही संशोधन संस्थेत ऐकायला मिळतात. सरकारलाही हे पटले असावे, म्हणून २०२५ साली वैज्ञानिक खात्यांसाठी खरेदीचे नियम सैल केले गेले. लोकप्रतिनिधींची देखरेखही नेहमी शहाणी नसते. अमेरिकी सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९७८ साली परग्रहावरील बुद्धिमान सजीवांचे संदेश शोधण्याच्या नासाच्या प्रकल्पाला उधळपट्टीचा उपहासात्मक पुरस्कार दिला, आणि १९९३ साली काँग्रेसने तसा प्रकल्प थट्टेथट्टेत बंदच केला. अशा थट्टेला छाननी म्हणता येत नाही.

हे सगळे मान्य करूनही मूळ मुद्दा उरतो, कारण वरच्या तक्रारी एका विशिष्ट प्रकारच्या देखरेखीविषयी आहेत. कागद तपासणारी देखरेख वेगळी आणि वस्तू तपासणारी देखरेख वेगळी. पहिली आपल्याकडे उदंड आहे, दुसरी कमी पडली की काय होते ते अमेरिकेच्या तीन अनुभवांवरून कळते.

हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा पर्किन-एल्मर या कंपनीने घासला. घासताना आकार मोजण्यासाठी वापरलेल्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते, त्यामुळे आरसा अत्यंत काळजीपूर्वक, अगदी अचूकपणे, चुकीच्या आकाराचा झाला. गंमत अशी की, कंपनीच्याच इतर दोन चाचण्यांनी ही चूक दाखवली होती. ती उपकरणे मुख्य उपकरणाइतकी अचूक नाहीत असे म्हणून त्यांचे निकाल बाजूला ठेवले गेले. खर्च वाढलेला, वेळ संपलेला, आणि नासाच्या वतीने तिथे उभे राहून ‘तीन मोजमापे जुळत का नाहीत?’ असे विचारणारा कोणी नव्हता. १९९० साली दुर्बीण वर गेली आणि धूसर चित्रे आली, तेव्हा ल्यू अ‍ॅलन यांच्या चौकशी समितीने कंपनीबरोबर नासाच्या ढिल्या देखरेखीवरही बोट ठेवले. १९९३ सालच्या दुरुस्ती मोहिमेने दुर्बीण वाचली, म्हणून आज आपण तिचे कौतुक करतो. कराराची कागदपत्रे त्या काळात तपासली जात नव्हती असे नाही. ती तपासली जात होती, आरसा मात्र तपासला जात नव्हता.

दुसरा अनुभव जास्त अस्वस्थ करणारा आहे. २४ फेब्रुवारी २००९ रोजी कार्बन डायऑक्साइड मोजणारा नासाचा उपग्रह टॉरस एक्सएल प्रक्षेपकावरून निघाला. वरचे संरक्षक कवच वेगळे झाले नाही आणि त्याच्या ओझ्याने उपग्रह समुद्रात कोसळला. चौकशी झाली, काही भाग बदलले गेले. ४ मार्च २०११ रोजी त्याच प्रकारच्या प्रक्षेपकावरून ‘ग्लोरी’ हा उपग्रह निघाला, आणि पुन्हा कवच वेगळे झाले नाही. दोन्ही मोहिमा मिळून ७० कोटी डॉलरहून अधिक पाण्यात गेले. पुढे काही वर्षांनी उलगडा झाला: कवच वेगळे करणाऱ्या सांध्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचे भाग पुरवणारी ओरेगनमधली कंपनी तब्बल १९ वर्षे आपल्या धातूच्या ताणचाचणीचे दाखले बनावट बनवत होती. २०१९ साली तिने ४.६ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. मुख्य कंत्राटदार, त्याचा उपकंत्राटदार, त्याचा पुरवठादार अशी उतरंड होती आणि प्रत्येक पायरीवर दाखला होता, शिक्का होता, सही होती. लेखापरीक्षकाने ती फाइल उघडली असती तर त्याला सारे काही नियमाप्रमाणेच दिसले असते. त्या धातूचा एक तुकडा कापून स्वतःच्या प्रयोगशाळेत ताणून पाहणारा सरकारी अभियंता कोणीतरी हवा होता.

तिसरा अनुभव अपोलो-१चा. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या तालमीत यानाला आग लागली आणि गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तीन अंतराळवीर गेले. वर्षभरापूर्वी, डिसेंबर १९६५ मध्ये, अपोलोचे संचालक सॅम्युअल फिलिप्स यांनी नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या मुख्य कंत्राटदाराच्या कामाची पाहणी करून वेळापत्रक, खर्च आणि दर्जा या तिन्हींवर कठोर ताशेरे कंपनीला कळवले होते. म्हणजे देखरेख झाली होती, आणि ती जाणकारांनी केली होती. मात्र ते ताशेरे दोन कार्यालयांच्या बंद दाराआड राहिले. आगीनंतर सिनेटर वॉल्टर माँडेल यांनी त्यांच्याविषयी विचारले, तेव्हा नासाचे प्रमुख जेम्स वेब यांनाही नीट उत्तर देता आले नाही. आगीचे कारण फिलिप्स यांच्या पाहणीत थेट सापडले असते असा माझा दावा नाही. शुद्ध प्राणवायूने भरलेल्या कुपीचा निर्णय नासाने स्वतःच मान्य केला होता. तरीही ज्या संस्थेचे निष्कर्ष तिच्या प्रमुखापर्यंत आणि संसदेपर्यंत पोहोचत नाहीत, तिथे देखरेख करणाराही हळूहळू कंत्राटदाराच्या सोयीने बोलू लागतो.

इथे दुसरा मोठा आक्षेप येतो, तो गुप्ततेचा. प्रक्षेपकाचे तंत्रज्ञान हे क्षेपणास्त्राचेही तंत्रज्ञान असते. क्रायोजेनिक इंजिनासाठी रशियाच्या ग्लावकॉसमॉसशी केलेल्या करारापायी १९९२ साली अमेरिकेने निर्बंध लादले, ते आपण भोगले आहेत. मग अपयशाचे तपशील जगासमोर का मांडावेत? हा आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे आणि व्यवहारात बहुतेक वेळा चुकीचा. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. जगाच्या बाजारात ग्राहक शोधणाऱ्या त्या प्रक्षेपकाची सारी अब्रू पणाला लागली होती. जाक-लुई लिओन्स यांच्या समितीने दीड महिन्यात, १९ जुलैला, अहवाल दिला आणि तो प्रसिद्ध झाला. जुन्या प्रक्षेपकाच्या संगणकप्रणालीतला एक भाग तसाच उचलला गेला, आणि ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना तो कोलमडला, इतके नेमके कारण त्यात होते. जगभरचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही ते शिकतात, आणि एरियन-५ ने त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ व्यवसाय केला. १९८६ साली उड्डाणात नष्ट झालेल्या नासाच्या चॅलेंजर यानाच्या चौकशीतही घन इंधनाच्या बूस्टरच्या सांध्यांची चर्चा उघडपणे झाली, ती काय लष्करी महत्त्वाची नव्हती? खुद्द इस्रोने ऑगस्ट २०२१ मधल्या जीएसएलव्ही-एफ१० च्या अपयशाचे कारण जाहीर केले होते. मग सी६१च्या चौकशी समितीचा अहवाल सी६२च्या उड्डाणाआधी लोकांसमोर का आला नाही? दोन्ही बिघाडांचे कारण एकच होते असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. आधार नाही, हीच तक्रार आहे. सी६२ वर उपग्रह पाठवणाऱ्या नवउद्योगांना आणि परदेशी ग्राहकांना ज्या माहितीवर जोखीम तोलायची होती, ती माहितीच उपलब्ध नव्हती.

बाजाराचे भक्त म्हणतील की, ठरावीक किमतीचे करार करा, तोटा कंपनीचा, मग सरकारला कशाला हवी देखरेख? खर्चावर नफा जोडून देण्याच्या जुन्या पद्धतीत जितका उशीर तितकी कंत्राटदाराची कमाई, हे खरे आहे. नासाच्या महानिरीक्षकांनी मार्च २०२२ मध्ये सांगितले की, माणसाला पुन्हा चंद्रावर नेणाऱ्या आर्टेमिस कार्यक्रमाच्या पहिल्या चार उड्डाणांपैकी प्रत्येकाला सुमारे ४१० कोटी डॉलर पडतील. याउलट अंतराळ स्थानकावर माल पोहोचवण्यासाठी नासाने २००६ साली सुरू केलेल्या कार्यक्रमात टप्पा गाठला तरच पैसे मिळत आणि त्यातून स्पेसएक्स कंपनीचा फाल्कन-९ प्रक्षेपक उभा राहिला. पण हे यश देखरेख काढून टाकल्यामुळे मिळाले का? त्याच कार्यक्रमात निवडलेली रॉकेटप्लेन किस्लर ही कंपनी ठरलेले टप्पे गाठू शकली नाही, तेव्हा सुमारे ३.२ कोटी डॉलर दिल्यावर २००७ साली नासाने तिचा करार संपवला आणि उरलेली रक्कम दुसऱ्या कंपनीकडे वळवली. टप्पा खरोखर गाठला की नाही हे ओळखणारी माणसे असल्याशिवाय हे शक्य नव्हते. उलट बाजूला बोइंग आहे. २०१४ साली तिला माणसे नेणाऱ्या स्टारलायनर यानासाठी ४२० कोटी डॉलरचे ठरावीक किमतीचे कंत्राट मिळाले. डिसेंबर २०१९ च्या मानवरहित उड्डाणात यानाचे घड्याळ ११ तासांनी चुकले आणि ते स्थानकापर्यंत पोहोचलेच नाही. पुढे नासाच्या अधिकाऱ्यांनीच कबूल केले की, नवख्या स्पेसएक्सवर त्यांनी बारीक लक्ष ठेवले आणि जुन्याजाणत्या बोइंगच्या कामात तितकी माणसे घातली नाहीत. २०२४ साली सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर त्याच यानातून गेले. परत येताना त्यांना त्यात बसवायचे की नाही, यावर कंपनीचा विश्वास आणि नासाच्या अभियंत्यांची शंका समोरासमोर उभी राहिली. तेव्हा किंमत ठरावीक असल्याचा काय उपयोग झाला? निर्णय नासाने घेतला, यान रिकामे परत आले.

आपल्याकडचा धडा अँट्रिक्स-देवास प्रकरणाचा आहे, आणि तो आपण अर्धवट शिकलो. २८ जानेवारी २००५ रोजी अँट्रिक्स या इस्रोच्या व्यापारी शाखेने देवास या खाजगी कंपनीशी करार करून दोन उपग्रहांची ९० टक्के क्षमता तिला देऊ केली. त्यानंतर उपग्रहाला मंजुरी मागताना मंत्रिमंडळापुढे ठेवलेल्या टिपणात या कराराचा उल्लेखच नव्हता. २०११ साली करार रद्द झाला, आंतरराष्ट्रीय लवादाने २०१५ मध्ये ५६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठोठावली, २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची स्थापनाच फसवणुकीसाठी झाली असे म्हटले, आणि परदेशी न्यायालयांतले खटले त्यानंतरही चालू राहिले. यातून नोकरशाहीने घेतलेला बोध असा की, खाजगी कंपनीशी करार म्हणजे संकट. मला दिसतो तो दोष वेगळा आहे. इस्रोचे अध्यक्ष, अवकाश विभागाचे सचिव आणि अवकाश आयोगाचे अध्यक्ष ही पदे आपल्याकडे एकाच व्यक्तीकडे असतात. ती व्यक्ती कितीही सचोटीची असो, स्वतःच प्रस्ताव मांडायचा, स्वतःच मंजूर करायचा आणि फसला तर स्वतःच चौकशी समिती नेमायची, ही रचना ठेकेदारालाच देखरेखीचा अभियंता नेमायला सांगण्यासारखी आहे. २०२० साली जाहीर झालेल्या इन-स्पेसकडे नियमनाचे काम आले खरे, पण अंतराळविषयक कायद्याचा मसुदा २०१७ पासून पडून असल्याने त्या संस्थेला संसदेने दिलेला अधिकार नाही.

गगनयानाच्या बाबतीत हे टाळण्याजोगे नाही, कारण त्यात माणसे बसणार आहेत. अपोलो-१ च्या आगीनंतर अमेरिकी काँग्रेसने १९६८ साली नासाबाहेरच्या तज्ज्ञांचे एक सुरक्षा सल्लागार मंडळ कायद्याने निर्माण केले. ते आजही दरवर्षी आपला अहवाल उघडपणे प्रसिद्ध करते आणि अनेकदा नासाला न आवडणारे लिहिते. आपल्याकडेही इस्रोच्या पगारपत्रकावर नसलेले, पण प्रणोदन, धातुशास्त्र आणि संगणकप्रणाली जाणणारे असे मंडळ विज्ञान-तंत्रज्ञानविषयक संसदीय स्थायी समितीला उत्तरदायी करता येईल. पवई, पुणे आणि बंगळुरूतल्या संस्थांतून इस्रोच्या पैशांवर संशोधन केलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली आहेत, तेव्हा तज्ज्ञ मिळणार नाहीत ही सबब चालणार नाही. पाच पीएसएलव्ही आणि एसएसएलव्ही यांच्या करारांत पुरवठादाराच्या दाखल्यावर विसंबून न राहता स्वतंत्रपणे नमुना तपासण्याचा सरकारचा हक्क आहे का, आणि अपयशाच्या चौकशीचा सारांश ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करण्याचे बंधन कोणावर आहे का, हे दोन प्रश्न कोणताही खासदार पुढच्या अधिवेशनात लेखी विचारू शकतो. त्यांच्या उत्तरांत गुप्त ठेवण्याजोगे काहीही नाही.